अब्राहामाचे वारस आणि अब्राहामाचे शिष्य

पेरणीचे दिवस आहेत. वावरात बी पडतं न पडतं तोच कावळ्यांचे थवे उतरतात आणि दाणा मातीआड जायच्या आत टिपून नेतात. लोक हवालदिल झाले आहेत, घरात खायला उरलेलं नाही. अशा वेळी चौदा वर्षांचा एक पोरगा धुऱ्यावरून धावत सुटतो, कावळ्यांना ओरडून सांगतो की आल्या वाटेनं परत जा. कावळे परत फिरतात. त्या एका दिवसात तो त्यांना सत्तर वेळा परतवून लावतो. पण रोज कोण किती धावणार? म्हणून पुढे तो सुतारांना हाताशी धरतो आणि नांगरावर बी ठेवायचं एक भांडं बसवून घेतो. बी त्यातून थेट फाळाशी पडतं, लगेच मातीखाली जातं, कावळ्याला दिसतही नाही. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरलेल्या अकोट तालुक्यातल्या कोणत्याही माणसाला हे अवजार समजावून सांगावं लागणार नाही. (आता आपल्याकडे कावळ्यांपेक्षा रोही आणि डुकरं जास्त झालीत, त्यांच्यावर मात्र अजून कोणाला उपाय सापडलेला नाही.)

हा पोरगा म्हणजे अब्राहाम. ज्यूंचा मूळ पुरुष, ख्रिस्ती लोकांच्या श्रद्धेचा पिता आणि मुसलमानांचे हजरत इब्राहिम. गोष्ट ‘ज्युबिलीज’ या ज्यू ग्रंथातली आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात तो हिब्रू भाषेत लिहिला गेला. ज्यू धर्मगुरूंनी त्याला आपल्या पवित्र ग्रंथांत जागा दिली नाही, त्यामुळे तो ज्यू घरांतून नाहीसा झाला आणि पूर्ण स्वरूपात टिकला तो इथिओपियाच्या ख्रिस्ती मठांत, गीझ भाषेत. विसाव्या शतकात मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत त्याच्या मूळ हिब्रू प्रतींचे तुकडे सापडले, तेव्हा कळलं की एके काळी हा ग्रंथ ज्यूंमध्येही चांगलाच वाचला जात होता.

बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकात यातलं काहीच नाही. तिथे अब्राहामाचं बालपण नाहीच. पंचाहत्तराव्या वर्षी त्याला देवाची आज्ञा होते की आपला देश, आपलं गणगोत, बापाचं घर सोड आणि मी दाखवीन त्या देशात जा. तो निघतो. हाच माणूस का निवडला, त्यानं असं काय केलं होतं, याबद्दल एक अक्षरही नाही. पुढची दोन हजार वर्षं ज्यू ग्रंथकार ही रिकामी जागा भरत आले आणि प्रत्येकानं ती आपल्या परीनं भरली. शेतकऱ्यांच्या समाजानं त्याला अवजारं करायला लावलं. अलेक्झांड्रियाच्या फिलोनं त्याला ग्रहताऱ्यांच्या मागे लागलेल्या खाल्डियन विद्येतून बाहेर पडलेला तत्त्वज्ञ केलं. जोसेफस या इतिहासकारानं तर त्याच्याकडून इजिप्तच्या लोकांना अंकगणित आणि खगोलशास्त्र शिकवून घेतलं. तालमूद या ज्यू धर्मशास्त्रग्रंथाच्या पंडितांनी सांगितलं की मोशेला धर्मशास्त्र मिळण्याच्या कित्येक पिढ्या आधी अब्राहाम ते सगळं पाळत होता, अगदी बारीकसारीक नियमांसकट. ज्याला जे प्रिय, त्याचा मूळ पुरुष तसा. आपल्याकडचे कुलवृत्तांत चाळणाऱ्यांना याचं नवल वाटू नये.

मग मी हे सगळं अकोटात बसून का लिहितो आहे? सणासुदीच्या आधी शांतता समितीच्या बैठका होतात, भाषणं होतात आणि त्यांत एक वाक्य हमखास येतं की आपण सारे एकाच बापाची लेकरं. जागतिक पातळीवर याच वाक्याला ‘अब्राहामी धर्म’ असं भारदस्त नाव आहे. २०२० साली इस्रायलनं संयुक्त अरब अमिराती आणि बहरीनशी करार केले, त्यांनाही अब्राहामाचंच नाव दिलं गेलं. हेतू चांगला असेल, पण युक्तिवाद आळशी आहे. एक बाप असल्यानं भाऊ एकत्र नांदतात हे ज्याला खरं वाटतं, त्यानं कोणत्याही तहसीलीत जाऊन वाटणीची प्रकरणं बघावीत. ज्यू धर्मसाहित्य वाचताना मला जे महत्त्वाचं वाटलं ते वेगळं आहे. या माणसाला आपला बाप म्हणण्याचा अधिकार कशानं मिळतो, जन्मानं की त्याच्या मागे चालण्यानं, हा वाद त्या साहित्यात शतकानुशतकं चालू आहे. आणि तो वाद मराठी बोलणाऱ्या माणसांच्या दारापर्यंत येऊन पोचलेला आहे.

सगळ्यांत प्रसिद्ध गोष्टीपासून सुरुवात करू. ती ‘उत्पत्ती’वरच्या ‘बेरेशीत रब्बा’ या भाष्यसंग्रहात आहे. अब्राहामाचा बाप तेरह मूर्ती विकायचा. एकदा तो पोराला दुकानावर बसवून बाहेर गेला. गिऱ्हाईक आलं की अब्राहाम त्याचं वय विचारायचा. कोणी पन्नास सांगे, कोणी साठ. मग हा म्हणायचा, एवढ्या वयाचा माणूस आणि कालपरवा घडवलेल्या वस्तूच्या पाया पडणार? गिऱ्हाईक लाजून निघून जाई. एक बाई ताटलीभर पीठ घेऊन आली, देवांपुढे ठेव म्हणाली. ती गेल्यावर यानं काठी घेऊन सगळ्या मूर्ती फोडल्या आणि काठी सर्वांत मोठ्या मूर्तीच्या हातात ठेवली. बाप परत आला तेव्हा यानं सांगितलं की पिठासाठी देवांत भांडण झालं आणि या मोठ्यानं बाकीच्यांना झोडपलं. बाप म्हणाला, मला मूर्ख समजतोस काय, यांना काही कळतं का? पोरगा म्हणाला, तुमच्या तोंडचं तुमच्या कानांना ऐकू द्या. पुढे राजा निम्रोद त्याला आगीत टाकतो आणि तो आगीतून सुखरूप बाहेर येतो. हीच गोष्ट कुराणातही आहे. तिथेही इब्राहिम मोठी मूर्ती तेवढी शिल्लक ठेवतात आणि मूर्तींनाच विचारा असं सांगतात. आपल्या गावातल्या मुसलमान मुलाला ही गोष्ट पाठ असते, पण ती ज्यू ग्रंथातही आहे हे त्याला सहसा माहीत नसतं.

बहुतेक मराठी वाचक या गोष्टीत तेरहच्या बाजूला उभा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पीठ घेऊन आलेल्या बाईची इथे टिंगल आहे. आपल्या आज्या अशाच ताटली घेऊन देवळात जात आल्या. सर्वधर्मसमभावाच्या नावाखाली ही बोच गुळगुळीत करून टाकणारे लेख मला पटत नाहीत. या गोष्टीत एक धर्म दुसऱ्या धर्माला हसतो आहे आणि ज्यांना हसतो आहे त्यांत आपण आहोत. तरीही ती गोष्ट मराठीत आली. मराठीत आणणारे लोक बाहेरचे नव्हते आणि आणलीही त्यांनी देवळात वाढलेल्या कीर्तनाच्या वाटेनं, हे मला फार मोलाचं वाटतं.

ते लोक म्हणजे कोकणातले बेने इस्राएल. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरागत कथा. शतकानुशतकं त्यांनी घाणे चालवले, शनिवारी काम बंद ठेवलं म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. आडनावं किहीमकर, दिवेकर, राजपूरकर, अष्टमकर. घरची भाषा मराठी. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. पुढे छापखाने आले आणि ही मंडळी आपला धर्म मराठीत छापू लागली. १८७४ साली पुण्यात छापलेला हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री घरोघर वाचायचा ग्रंथ, हिब्रू आणि मराठी असा दोन्ही भाषांत आहे. त्यातल्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताना दिसतात. त्याच ग्रंथात एक जागा अशी आहे जिथे सगळं घर दरवर्षी मोठ्यानं वाचतं की आमचे पूर्वज सुरुवातीला मूर्तिपूजक होते. म्हणजे वंशावळीच्या मुळाशी तेरह बसला आहे आणि ते कोणी झाकत नाही. शुद्ध बीजाचा डांगोरा पिटणाऱ्या आपल्याकडच्या वंशकथांशी हे ताडून पाहावं.

१८८०च्या सुमारास मुंबईच्या बेने इस्राएल मंडळींनी हिंदू कीर्तनं ऐकली आणि त्याच धर्तीवर आपली कीर्तनं रचायला घेतली. त्यासाठी कीर्तनोत्तेजक मंडळ काढलं. बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांनी अब्राहामाचं चरित्र कीर्तनात बांधलं. योसेफ, मोशे, एलिया यांचीही आख्यानं मागाहून आली. साकी, दिंडी, ओवी, पदं, मध्ये निरूपण असा सगळा साज मराठी. विठ्ठलाच्या सगुण रूपावर पोसलेला हा कलाप्रकार मूर्तिभंजक अब्राहामाची गोष्ट सांगायला वापरायचा, यात कोणाला विसंगती दिसली असती. त्यांना दिसली नाही. त्यांना कीर्तन हे धर्म लोकांपर्यंत न्यायचं साधन वाटलं. ज्युबिलीजच्या अब्राहामानं सुतार हाताशी धरले, यांनी कीर्तनकार.

मुसलमानांशी असलेला सामाईक बापाचा प्रश्न ज्यू ग्रंथांत येतो तो इश्माएलच्या रूपानं. तो अब्राहामाचा थोरला मुलगा, दासी हागारच्या पोटचा. अब्राहामाची बायको सारा हिला इसहाक झाल्यावर तिनं मायलेकरांना घराबाहेर काढायला लावलं. निमित्त काय, तर इश्माएल हसत-खेळत होता एवढंच ‘उत्पत्ती’ सांगते. पंडितांनी, म्हणजे रब्बींनी, या हसण्यात काय काय पाहिलं! रब्बी अकीवा यांनी व्यभिचार पाहिला. कोणी मूर्तिपूजा पाहिली, कोणी खून. रब्बी शिमोन बार योहाय मात्र म्हणाले की त्या पुण्यवानाच्या घरात असलं काही शक्यच नाही. त्यांच्या मते वाद वारशाचा होता. मी थोरला, मला दुप्पट वाटा, असं पोरगा म्हणत होता. मला हा निकाल फार आवडतो. पाप शोधत बसण्यापेक्षा इस्टेटीकडे बोट दाखवणारा माणूस घर ओळखून होता.

इश्माएलला खलनायक ठरवून हे साहित्य थांबत नाही. अब्राहाम वारल्यावर इसहाक आणि इश्माएल या दोघांनी मिळून त्याला मकपेलाच्या गुहेत पुरलं, असं ‘उत्पत्ती’च सांगते. धाकट्याचं नाव आधी आलं आहे. त्यावरून तालमूदनं ठरवलं की थोरल्यानं मानानं वाट दिली, अर्थात त्याला पश्चात्ताप झाला होता. दुसऱ्या शतकातल्या एका मोठ्या ज्यू आचार्याचं नावच रब्बी इश्माएल होतं, त्यांचे शास्त्रार्थाचे तेरा नियम आजही सकाळच्या प्रार्थनेत म्हटले जातात. मुलाच्या बलिदानाची आज्ञा होते तेव्हाचा देव आणि अब्राहाम यांचा संवादही तालमूदमध्ये आहे. तुझा मुलगा घे, म्हटल्यावर बाप म्हणतो, मला दोन आहेत. एकुलता एक, म्हटल्यावर म्हणतो, दोघेही आपापल्या आईला एकुलते एक. ज्याच्यावर तुझा जीव आहे तो, म्हटल्यावर म्हणतो, माझा दोघांवर जीव आहे. शेवटी देवाला इसहाकचं नाव घ्यावंच लागतं. बकरी ईदला अकोटच्या ईदगाहवर जी आठवण जागवली जाते ती याच प्रसंगाची. तिथे मुलगा इस्माईल. पण कुराणात मुलाचं नाव नाही आणि तबरीसारखा थोर मुसलमान भाष्यकार तो इसहाकच होता या मताचा होता. म्हणजे वाद दोन धर्मांत जितका आहे तितकाच एकेका धर्माच्या आतही आहे.

इस्लाम आल्यानंतरच्या काळातल्या ‘पिर्के द रब्बी एलिएझर’ या ग्रंथात अब्राहाम वाळवंटात इश्माएलच्या घरी जातो. उंटावरून उतरणार नाही, असं त्यानं सारेला वचन दिलेलं. मुलगा घरी नसतो. सून भाकर-पाणी देत नाही. तो निरोप ठेवून जातो आणि मुलगा त्या निरोपाचा अर्थ ओळखून बायकोला सोडतो. काही वर्षांनी पुन्हा जातो, तेव्हा दुसरी सून पाहुणचार करते आणि मुलाला कळतं की बापाची माया अजून आहे. या सुनांची नावं आयेशा आणि फातिमा! ज्यू लेखकानं शेजारच्या धर्मातली सर्वांत आदराची दोन नावं उचलून एक चांगली सून केली, एक वाईट. खोडी आहेच. पण बापाला घरातून काढलेल्या पोराची ओढ होती हे सांगायला त्याला मुसलमानी परंपरेतली गोष्ट चालली, कारण जवळजवळ हीच कथा हदीसमध्येही आहे.

तेराव्या शतकातले स्पेनमधले रब्बी नाहमानिदेस याहून पुढे गेले. हागारला छळताना सारेनं पाप केलं आणि ते होऊ देऊन अब्राहामानंही केलं, म्हणून तिचा आक्रोश देवानं ऐकला आणि तिच्या वंशाकडून आपल्याला त्रास सोसावा लागतो आहे, असं त्यांनी सरळ लिहून ठेवलं. आपल्या मूळ पुरुषाचं माप त्याच्याच पदरात घालायची ही हिंमत ज्या समाजात आहे, त्याच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. आपल्याकडे एखाद्या महापुरुषाबद्दल असं वाक्य लिहून पाहा.

आता मुख्य वादाकडे येतो. मिश्ना या जुन्या संहितेत नियम आहे की धर्मांतर करून ज्यू झालेल्या माणसानं पहिलं पीक देवळात आणावं, पण ‘आमच्या पूर्वजांना देऊ केलेली भूमी’ हे शब्द उच्चारू नयेत. त्याचे पूर्वज ते नव्हेत. जेरुसलेमच्या तालमूदमध्ये रब्बी यहूदा याच्या उलट सांगतात. देवानं अब्राहामाला अनेक राष्ट्रांचा पिता केलं, तेव्हा हा माणूसही खुशाल म्हणू शकतो. बाराव्या शतकात ओबद्या नावाच्या एका धर्मांतरितानं हाच प्रश्न इजिप्तमध्ये राहणाऱ्या मायमोनिदेसना पत्रानं विचारला. मायमोनिदेस म्हणजे ज्यूंचे सर्वांत मोठे शास्त्रकार आणि तत्त्वज्ञ, पेशानं वैद्य. त्यांच्या ग्रंथातला अब्राहाम आगीत पडत नाही. तो लहानपणापासून विचार करतो, हे आकाशाचं चक्र फिरवतो कोण असं स्वतःला विचारतो, चाळिसाव्या वर्षी उत्तर गाठतो आणि मग गावोगाव लोकांना शिकवत फिरतो. असा मूळ पुरुष मानणाऱ्याचं उत्तर काय असणार हे उघड आहे. त्यांनी ओबद्याला कळवलं की तू ‘आमच्या पूर्वजांचा देव’ असंच म्हण, कारण जो अब्राहामाच्या मार्गानं आला तो अब्राहामाचाच. मिश्नातल्या ‘पूर्वजांची वचनं’ या भागातही अब्राहामाच्या शिष्यांची लक्षणं दिली आहेत. नजर निर्मळ, वृत्ती नम्र, मन हावरं नाही. तिथे रक्ताची चौकशी नाही.

१९४८नंतर बेने इस्राएल हजारोंनी इस्रायलला जाऊ लागले. १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयानं विवाहनोंदणी करणाऱ्यांना सूचना काढली की बेने इस्राएल माणसाच्या आईकडच्या पिढ्या शक्य तितक्या मागेपर्यंत तपासाव्यात. शास्त्रकारांची शंका मुख्यतः विवाह आणि घटस्फोटाच्या चालीरीतींवर होती, द्वेषातून हे झालं असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण तपासायचं कोणाला, तर नेमक्या याच समाजाला. वल्हांडणाच्या रात्री आमचे पूर्वज मूर्तिपूजक होते असं मराठीतून वाचत आलेल्या माणसांना आजी-पणजीचे पुरावे मागितले गेले. १९६४च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेनं ठराव केला की बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत. मग रब्बींच्या कार्यालयानं सूचनेतून या समाजाचं नाव काढून टाकलं. मायमोनिदेसचं पत्र शतकानुशतकं ज्यू परंपरेत होतं, पण वेळ आली तेव्हा कार्यालयानं रब्बी यहूदांपेक्षा मिश्नाचा कडक नियम मनात धरला. माझ्या मते ही चूक होती आणि ज्यू साहित्याच्याच कसोटीवर चूक होती.

हा निवाडा देताना मी अकोटचा आहे हे मला आठवतं. आमचे नरसिंग महाराज जातीनं मराठा, विठ्ठलाचे भक्त आणि शिष्य मुसलमान गुरू कोतशा अल्लींचे. दासगणूंनी ‘गजानन विजय’मध्ये त्यांची ओळख करून देताना हे नातं आडवळणानं नाही, उघड सांगितलं आहे. यात्रेला येणारा माणूस महाराजांचं कुळ विचारत नाही, गुरू विचारतो. रक्तापेक्षा शिष्यपणाचं नातं वरचढ मानायची रीत वऱ्हाडाला नवी नाही. मात्र लग्न ठरवायला बसलो की आम्हीही पिढ्या मोजायला लागतो. तेव्हा जेरुसलेमच्या कार्यालयाला नावं ठेवताना आपलं घरही पाहून घ्यावं.

आणि एकच बाप असल्यानं काय होतं, ते पाहायचं असेल तर हेब्रोन आहे. अब्राहामानं चारशे शेकेल मोजून विकत घेतलेली मकपेलाची गुहा तिथे आहे, दोन्ही भावांनी बापाला पुरलं ती. १९२९ साली त्या शहरात ६७ ज्यू मारले गेले. २५ फेब्रुवारी १९९४ रोजी एका ज्यू बंदूकधाऱ्यानं त्याच वास्तूत नमाज पढणाऱ्या २९ मुसलमानांना ठार केलं. तेव्हापासून वास्तूची वाटणी झाली आहे. एरवी दोघांचे भाग वेगळे, आणि वर्षातले दहा दिवस सगळी वास्तू एकाला, दहा दिवस दुसऱ्याला. वारसदारांनी काय केलं ते हे. शिष्यांना तिथे कोणी विचारलेलं दिसत नाही.

आपल्या भागात कीर्तनकारांची वाण नाही. त्यांच्यापैकी कोणीतरी एकदा अब्राहामाचं आख्यान लावावं, अशी माझी विनंती आहे. पूर्वरंगात मायमोनिदेसचं पत्र घ्यावं, उत्तररंगात कावळे आणि चाडं, मूर्तींचं दुकान, हागारचं रडणं आणि दोन भावांनी मिळून दिलेली मूठमाती. अष्टमकरांनी वाट पाडून ठेवली आहे, भाषा आपलीच आहे. फक्त तेरहची बाजूही मांडावी. ऐकायला बसलेल्यांत त्याचे पुष्कळ वंशज असतील.